दुभाष्याच्या पोटातलं

बीड, पौष मास, फसली तेराशे एकोणतीस

तीर्थस्वरूप आक्काच्या पायांवर धाकट्या गहिनीनाथाचं डोकं, आणि आक्काला हे पत्र वाचून दाखवण्याचे कष्ट घेणारे आमचे दाजी भगवानराव यांना दोन्ही हात जोडून रामराम. इथे आम्ही तिघंही जिवंत आहोत. मानमोडीच्या तापाने गावंच्या गावं झोपवली, त्यानंतर खुशालीच्या जागी एवढं लिहिलं तरी पुरतं. तुझा गुडघा कसा आहे? धारूरहून आणलेलं तेल चोळतेस का, की कोनाड्यात ठेवून रोज त्याला हळदकुंकू वाहतेस? दाजींचा खोकला थांबला का, आणि खोकला थांबावा म्हणून त्यांनी चिलीम सोडली का? (दाजी, ही ओळ आपण गाळणार हे मला ठाऊक आहे. आक्का, वाचताना ते मध्येच अडखळले तर मागची ओळ पुन्हा वाचायला लाव.)

तुझा निरोप पोचला. दसऱ्याला आला नाही, दिवाळीला आला नाही, गहिनीला सरकारी नोकरीचा एवढा काय माज चढला असं तू विचारलंस. आक्का, माज चढलेला माणूस निदान जेवतो तरी. माझं काय झालं होतं ते आज सविस्तर लिहितो. तू भाकरी थापायला बसली असशील तर आधी उरकून घे, कारण हे लांबणार आहे.

मी अदालतीत तर्जुमान आहे एवढं तुला माहीत आहे, पण तो काय करतो हे तू सिरसाळ्यात लोकांना सांगतेस ते साफ खोटं आहे. मी निवाडे देत नाही. कुणाला सोडवतही नाही. इथलं सारं कामकाज उर्दूत चालतं आणि इथे येणारं माणूस मराठी बोलतं. त्या दोघांच्या मधोमध मला उभं केलेलं आहे. शेतकरी बोलला की मी ते उर्दूत निवाडा देणाऱ्या हाकीमसाहेबांना सांगायचं, हाकीमसाहेब बोलले की मराठीत शेतकऱ्याला सांगायचं. आप्पांनी मला मौलवीसाहेबांकडे शिकायला बसवलं तेव्हा पोरगा मोठा माणूस होईल असं त्यांना वाटलं होतं. मी दोन माणसांमधली भिंत झालो, आणि तिला दोन्हीकडून लोक पाठ घासतात.

यात एक कायदा असा आहे की जो जसं बोलेल तसंच बोलायचं. चोर म्हणाला, मी बैल चोरला, की मीही म्हणायचं, मी बैल चोरला. ‘तो म्हणतो’ असं मध्ये घालायचं नाही. म्हणजे सकाळी मी बैल चोरतो, दुपारच्या आत माझाच बैल चोरीला जातो आणि मी छाती पिटतो. उन्हं कलेपर्यंत मी भावाचं डोकं फोडलेलं असतं, सावत्र आईला घराबाहेर काढलेलं असतं, आणि एका विधवेच्या तोंडून स्वतःलाच शिव्याशाप दिलेले असतात. हे सगळं उभ्याने, हात बांधून, आणि आवाज न चढवता. पहिली काही वर्षं मला याची गंमत वाटायची. घरी येऊन मी तुझ्या भावजयीला नकला करून दाखवायचो. नकला कधी बंद झाल्या ते माझ्या लक्षात आलं नाही, तिच्या आलं.

गेल्या पावसाळ्यापासून नोकरी माझ्या मागोमाग घरी यायला लागली. वत्सला चुलीपुढून म्हणाली की मीठ संपलंय, तर मी ताठ उभा राहून भिंतीला सांगितलं की हुजूर, मेरे घर में नमक नहीं है. ती हातातली काथवट ठेवून माझ्याकडे बघत राहिली. पानावर बसायचं सोडून मी हात बांधून पानापुढे उभा राहायचो, आणि ती बसा म्हणाली की बसायचो. एकदा आडावर शेजारच्या दोघी घागरीवरून भांडत होत्या. मी कचेरीतून परतत होतो. दोघींच्या मधे जाऊन उभा राहिलो आणि एकीचं दुसरीला, दुसरीचं पहिलीला, शिव्यांसकट, शुद्ध उर्दूत सांगायला लागलो. दोघींची एकी झाली आणि घागरी खाली ठेवून त्या माझ्या मागे लागल्या. (दाजी, आपण हसत असाल. वत्सला त्या दिवसापासून उजाडायच्या आधी पाणी भरायला जाते.)

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. पुढचं नाही. तुझी भाची सावित्री आता चौथ्या वर्षात आहे आणि तिला कुठलीही गोष्ट सांगायची तर कोंबडी जन्मली तिथून सुरुवात करते. एक दिवस मी दारात पाऊल टाकलं तोच ती धावत आली. पिलू मेलं होतं. पिलू कसं होतं, त्याला काय आवडायचं, मांजर कुठून आलं, असं सगळं सुरू झालं. मी तिच्या अंगावर ओरडलो, मुद्द्याचं बोल, हो की नाही एवढंच सांग. अदालतीत घाबरलेल्या माणसाला वकील ज्या आवाजात दटावतात त्याच आवाजात. ती कणगीमागे जाऊन बसली. त्यानंतर मी काहीही विचारलं की ती हो म्हणायची किंवा नाही म्हणायची. जेवलीस? हो. खेळलीस? नाही. आक्का, पोर माझ्यापुढे साक्षीदारासारखी उभी राहायची.

मग उपाय सुरू झाले. इथले एक हकीम नाडी बघून म्हणाले की मेंदूला उष्णता झालीय, माजून खा आणि विचार करू नका. माजून गोड होतं, ते सावित्रीनेच संपवलं. वैद्यांनी पित्त सांगितलं. सासूबाईंनी मुद्दाम येऊन मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, म्हणजे संपलेलं मीठ आणखी संपलं. कचेरीतले एक जण म्हणाले, संध्याकाळी बिंदुसरेच्या काठाने फिरत जा, डोकं हलकं होतं. मी गेलो. पहिल्याच वळणावर एक पक्षकार भेटला आणि उद्या आपलं जरा गोड करून सांगा असं विनवायला लागला. पुढच्या वळणावर त्याचाच विरोधी पक्षकार बसलेला होता. नदी बघायची राहूनच गेली. शेवटी मी घरी बोलायचंच सोडलं. दिवसभर दुसऱ्यांचं बोलून झाल्यावर स्वतःचं बोलायला तोंडात जागाच उरायची नाही. भाकरीचा घास गिळायला पाणी लागायचं, आणि पाणी प्यायलं की पोटात कळ यायची.

अशात कार्तिकात चतुराबाईचा खटला लागला.

ही बाई धारूरच्या बाजूची, घाटाच्या कडेच्या एका वस्तीवरची. मानमोडीत तिचा नवरा सटवा गेला, सासू गेली, आणि पाठोपाठ तीन वर्षांची मुलगी गेली. दीर बंकट तेव्हा औरंगाबादेकडे कामाला होता. आजार सरल्यावर तो परत आला आणि त्याने पुतणी कुठे म्हणून विचारलं. तिने सांगितलं, हिरीत सोडलं. बंकटने चावडी गाठली आणि फिर्याद दिली की भावजयीने जिवंत पोर विहिरीत टाकलं. पोर नाही, भाऊ नाही, आणि भावजय फासावर गेली की रान आपसूक त्याचं. बाई साल होत आलं तरी हवालातीत होती.

तिचा जबाब होता त्या दिवशी अदालत भरलेली होती. बंकटकडून मोहनराव वकील उभे होते. (माणूस वाईट नाही. आवाज मोठा आहे एवढंच.) त्यांनी विचारलं, मुलीचं काय केलंस? मी मराठीत विचारलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “लेकरू म्या हिरीत सोडलं.”

आता दाजी, आपण आक्काला एक गोष्ट समजावून द्यावी. तिच्या सोडलं या शब्दाला उर्दूत सरळ शब्द आहे, छोड दिया. पण छोड दिया म्हटलं की टाकून दिलं, वाऱ्यावर सोडलं असाही अर्थ निघतो. आपण बादली विहिरीत सोडतो तेव्हा ती टाकून देत नाही. मला हे कळत होतं. पण मला विचारायची मुभा नाही, अर्थ लावायची मुभा नाही, जसंच्या तसं बोलायचं. आणि बोलायचं ते असं की मैंने, म्हणजे मी, गहिनीनाथाने, माझं लेकरू विहिरीत...

माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. हाकीमसाहेबांनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं. माझ्या डोळ्यांपुढे कणगीमागे बसलेली सावित्री होती. मी कसाबसा बोललो की हुजूर, ही बाई म्हणते... तेवढ्यात मोहनरावांनी हरकत घेतली, तर्जुमानाने ‘बाई म्हणते’ म्हणायचं नाही, कायदा आहे. मी हात बांधून उभा राहिलो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, भर अदालतीत, पगडी घातलेल्या माणसाच्या. हाकीमसाहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, तारीख पुढच्या आठवड्यावर टाकली आणि मला तोवर रजा दिली. हाकीमसाहेबांचे कागद सांभाळणारे पेशकार बाहेर येऊन म्हणाले की तब्येत सांभाळा, नाहीतर पुढच्या तारखेला माझे मेव्हणे उभे राहतील, त्यांनाही थोडीफार मराठी येते.

आक्का, अशी रजा शत्रूलाही मिळू नये. अंगाला आराम आणि डोक्यात घण. त्या मेव्हण्यांची मराठी म्हणजे बाजारात वांगी घ्यायची मराठी. ते छोड दिया म्हणणार, कागदावर ते चढणार, आणि बाई फासावर जाणार. मी घरात येरझारा घालायचो. जेवण बंद. वत्सलाने दोन दिवस हे पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मला जात्यापुढे ओढून बसवलं, खुंटा हातात दिला आणि म्हणाली की वढा. तुझा भाऊ, सरकारी तर्जुमान, ज्वारी दळत होता. (हे सिरसाळ्यात सांगू नये.) दळता दळता ती विचारायला लागली की कचेरीत काय झालं. मी हो-नाही करत होतो. ती म्हणाली, हो-नाही करायला मी सावित्री न्हाई. मग कसं कोण जाणे, जातं फिरत होतं आणि मी बोलत होतो. चतुराबाईचं सांगितलं, मग त्याच्या आधीच्यांचं. डोकं फुटलेला भाऊ, घराबाहेर काढलेली म्हातारी, सगळ्यांचं. टोपलं रिकामं झालं तरी मी रिकामंच जातं ओढत होतो.

तिने पीठ भरून घेतलं आणि मग बोलली. “त्येंचं बोलनं तुमच्या तोंडातून जातं, त्ये जाऊ द्या. पोटात काहून ठिवता? तुमी चतुराबाई न्हाई. तुमी चतुराबाई झालाव तर तिचं बोलनं सांगायला तितं कोन ऱ्हाईल?”

आक्का, हकिमाच्या माजूनाने जे झालं नाही ते या बोलण्याने लगेच झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. कळ होतीच. पण त्या दुपारी मी बसून जेवलो, आणि तारखेच्या दिवशी पगडी बांधून कचेरीत गेलो. मेव्हणे नवा कोट घालून आधीच उभे होते. मी हाकीमसाहेबांपुढे जाऊन अर्ज केला की मी काम करतो, पण माझी एक विनंती आहे, मला मी म्हणायला लावू नका. मला ‘ती म्हणते’ म्हणू द्या. शब्द एकही बदलणार नाही. नाहीतर मला मोकळं करा. मोकळं करा म्हणणं सोपं आहे, पण वत्सलाला अजून विचारलेलं नव्हतं.

मोहनराव उठले. हाकीमसाहेबांनी त्यांना हाताने बसवलं. मग ते चतुराबाईकडे वळले आणि बोलले. आक्का, ते मराठीत बोलले. सरळ, गोदाकाठच्या मराठीत, आपल्या आत्याबाईंसारख्या.

“बाई, सोडलं म्हणजे काय ते मला समजतं. मला पैठणच्या दाईनं वाढवलंय. लेकरू तेव्हा जितं होतं का?”

बाई इतका वेळ माझ्याकडे बघून बोलायची, ती पहिल्यांदा त्यांच्याकडे बघायला लागली.

“जितं आसतं तर सोडलं आसतं का, सायब? घरात खांदा द्यायला मानूस न्हवतं. भुई दगडावानी. माळावर लोकांनी पुरलेली लेकरं कोल्हे उकरीत व्हते, म्या डोळ्यानं बगितलं. हीर कोरडी व्हती. लुगड्यात बांधलं आन् दोरीनं सोडलं. हळू सोडलं. मंग म्या उतरले आन् वरून दगड लावले.”

मला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. हाकीमसाहेबांनी माझ्याकडे मान वळवली आणि म्हणाले, तर्जुमा कीजिए. त्यांना सगळं कळलं होतं, तरी मिसलीवर, म्हणजे खटल्याच्या कागदांवर, उर्दूच चढायला हवी. मी सांगितलं. वह कहती है, रस्सी से उतारा. आहिस्ता उतारा. माझा आवाज खणखणीत होता. ते बोलणं तिचं होतं आणि मी ते फक्त पोचवत होतो. आठवड्याने गावच्या पाटलाची साक्ष झाली. फिर्यादीनंतर आपण पाहिलं तेव्हा विहीर कोरडी होती, दगड नीट रचलेले होते आणि दोरी अजून रहाटाला होती, असं त्याने सांगितलं. चतुराबाई सुटली.

त्या संध्याकाळी मी धीर करून हाकीमसाहेबांना विचारलं की हुजुरांना मराठी येते तर इतकी वर्षं मी काय करत होतो. माझ्या मनात राग होता हे तुझ्यापासून लपवत नाही. एकेका शब्दाने कुणाचा तरी जीव जाईल या भीतीने मी आतडी जाळून घेतली, आणि समोरच्या माणसाला पहिल्याच वेळी सगळं कळत होतं. ते म्हणाले की गहिनीनाथ, माणूस बोलतो तेव्हा मी ऐकतो, आणि तुम्ही तेच पुन्हा बोलता तेवढ्या वेळात मी विचार करतो. तुम्ही नसता तर मी न विचार करताच निकाल दिले असते. मग म्हणाले की यापुढे ‘तो म्हणतो’ म्हणत जा, मी तसा हुकूम करून ठेवतो. मला हे बक्षीस वाटावं की थप्पड, हे अजून ठरलेलं नाही. पण सगळं माझ्याच जिभेवर टांगलेलं नव्हतं हे कळल्यापासून जीभ हलकी झाली एवढं खरं.

तेव्हा आता मी बरा आहे. रोज कचेरीतून आलो की जात्यापुढे बसतो, दिवसभरचं दळण वत्सलाला सांगतो, आणि उठताना हात झटकतो. पानावर बसून जेवतो. मीठही आणून ठेवलं आहे. मला कशाचीही गरज नाही आणि हे पत्र मी काही मागण्यासाठी लिहिलेलं नाही. दाजींना पुन्हा रामराम, आणि तुझ्या गुडघ्याने लवकर तुझं ऐकावं एवढीच देवाजवळ मागणी.

तुझा भाऊ,
गहिनीनाथ

ता.क. – काही मागायचं नाही असं वर लिहिलं, तरी हुरडा पडला असेल तर थोडा धाडावा. इथल्या हुरड्याला चव नाही.

आणखी एक – हे पत्र जिने आणून दिलं आणि जी आता तुमच्या ओट्याखाली उभी आहे, ती चतुराबाई आहे. सुटली त्या दिवशी ती अदालतीच्या पायऱ्यांवरच बसून राहिली, कारण वस्तीवर बंकट आहे आणि माहेरी कुणी उरलेलं नाही. वत्सला तिला घरी घेऊन आली. इथे राहिली, घर सारवलं, आणि सावित्री तिच्या मांडीवर बसून कोंबडी जन्मली तिथून सगळं सांगायला लागली. माझ्याशी सावित्री अजून हो-नाहीच बोलते. बाईला इथे ठेवता येत नाही. खटल्यातली बाई तर्जुमानाच्या घरात, असं कचेरीत कुजबुजायला लागले आहेत. पण हे कारण अर्धंच आहे. खरं सांगायचं तर ती भाकरी वाढू का म्हणून विचारते आणि मी ताठ उभा राहतो. बरा झालो असं वर लिहिलं आहे ते सगळ्यांच्या बाबतीत खरं आहे, तिच्या बाबतीत नाही. तुझ्या वाड्यात हाताला काम आहे आणि तुझा गुडघा धड नाही. तिला ठेवून घे. आधी भाकरी दे, विचारायचं ते मग विचार, आणि विहिरीवर पाण्याला धाडू नकोस.

शेवटचं – दाजी, आपण हे मोठ्याने वाचत असाल आणि ती खालून सगळं ऐकत असेल, तर संकोच करू नये. तिला विचारल्याशिवाय तिचं बोलणं कुठे न्यायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून धाडण्याआधी हे तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरं हाय. फक्त एक सांगितलं. सगळीकडं लेकरू लेकरू लिवलंय, तिचं नाव कुटं न्हाई. बाई वर्षभर हवालातीत होती, अदालतीत खटला चालला, मिसलीत शंभरदा मुलगी आली, आणि ते नाव कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. तेव्हा लिहितो. मुलीचं नाव भिवरा होतं.